आधी खिडकी, मग कुंडी

अगं, परवा रात्री साडेदहाला तू ते फोटो धाडलेस, तेव्हा मी ओटा पुसत होते. हात कोरडे केले आणि एकेक बघितला. रिसेप्शनला जमिनीपासून छतापर्यंत हिरवी भिंत, कॅन्टीनमध्ये वरून लोंबणाऱ्या वेली, मीटिंग रूमच्या काचेमागे बांबूचं बेट. खाली तुझा प्रश्न, ‘ताई, साहेबांनी मला नव्या ऑफिसच्या ग्रीन कमिटीत घातलंय. बजेट किती सांगू?’ मी नुसता अंगठा पाठवला, कारण खरं उत्तर दोन ओळींत दिलं असतं तर तू रुसली असतीस. आता चहा घेऊन निवांत बस.

बजेटचं नंतर बघू. आधी सांग, नव्या जागेत खिडक्या कुठल्या बाजूला आहेत आणि त्या खिडक्यांपाशी कोण बसणार आहे?

हसू नकोस. वीस वर्षं ऑफिसांची इंटिरियर्स करतेय मी, आणि झाडांच्या बाबतीत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या करून बसलेय. त्यातली सगळ्यात महागडी सांगते. नऊ-दहा वर्षांपूर्वी एका कंपनीला अशीच भिंत करून दिली. आत शिरल्या शिरल्या दिसेल अशी, दारासमोर. फेल्टचे खिसे, त्यात नेचे, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन. मागून ठिबकची नळी, खाली टाकी, टाकीत छोटा पंप, पंपाला टायमर. तिथे खिडकी नव्हती, म्हणून वरून पिवळे स्पॉटलाइट सोडले. दिसायला झकास, झाडाच्या पोटात मात्र त्यातलं फारसं काही जात नव्हतं. तरी भिंतीनं काही महिने तग धरला. मग दिवाळीची सुट्टी आली. वॉचमननं नेहमीप्रमाणे जाताना लाइटचा मेन पाडला. पंप त्याच लाइनवर होता. ड्रॉइंगवर ती लाइन तशी मीच काढली होती, इलेक्ट्रिशियनचा त्यात काही दोष नाही. भाऊबीज उरकून लोक परतले तेव्हा नेच्यांचा पापड झाला होता, हात लावला की चुरा. बाकीच्यांनी माना टाकल्या होत्या. नव्यानं लावायचा खर्च ऐकून मालक म्हणाले, ‘मॅडम, प्लॅस्टिकची बसवा.’ बसवली. वर्षभरानं काही कामासाठी गेले, तर त्या पानांवर बोटानं नाव गिरवता येईल इतकी धूळ होती आणि समोरची रिसेप्शनिस्ट रुमाल नाकाला लावून बसली होती.

तेव्हापासून नकाशावर झाडाचा गोल काढला की त्याच्याशेजारी दोन गोष्टी लिहिते. उजेड कुठून, आणि पाणी कुणाच्या हातून. दुसऱ्या रकान्यात माणसाचं नाव लिहिता आलं नाही तर गोल खोडते. ‘हाउसकीपिंग’ हे नाव नव्हे हं.

आता व्हेंडर तुझ्याकडे येईल. त्याच्या ब्रोशरमध्ये कुठेतरी ‘नासा’ असेलच. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. नासासाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी 1989 मध्ये प्रयोग केले, ते हवाबंद पेट्यांमध्ये. बंद पेटीत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड असले वायू सोडायचे, आत कुंडी ठेवायची आणि वायू किती घटतो ते मोजायचं. अंतराळात माणसं राहणार तर हवा शुद्ध कशी ठेवायची, ही त्यांची काळजी होती. तुमचं ऑफिस काही अंतराळस्थानक नाही, तिथे दारं उघडतात, एसी हवा फिरवतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये असल्या कित्येक दशकांच्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत एरवी जेवढी हवा आतबाहेर होते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. चौरस मीटर म्हणजे तुझ्या खुर्चीपुरती जागा गं. तिथे दहा कुंड्या मांडल्यावर तू बसणार कुठे? तसंच ते ‘स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं’ प्रकरण. ते झाड रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, एवढं खरं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. तेव्हा साहेबांसमोर हवेचा मुद्दा मांडूच नकोस. कुणीतरी गुगल करेल आणि तू उगाच तोंडघशी पडशील.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या पहाडपूर बिझनेस सेंटरचं नावही कुणीतरी काढेल. कमल मीत्तल यांनी तिथे 300 माणसांसाठी 1200 झाडं ठेवली, माणशी चार. तिथल्या ताज्या हवेचं श्रेय झाडांना किती आणि यंत्रांना किती, या वादात मी पडत नाही. मला त्यांच्या 2009 सालच्या टेड भाषणातली एक बारीकशी सूचना फार आवडते. अरेका पामची पानं दिल्लीत रोज पुसावी लागतात. रोज! अरेकाचं एक पान म्हणजे दोन्हीकडे पन्नासेक पट्ट्या. ओलं फडकं घेऊन ते कोण करतंय, त्यासाठी किती माणसं लागताहेत, हे डोळ्यांसमोर आण आणि मग आकडा ठरव.

मग झाडं कशाला, असं म्हणशील. सांगते.

रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं 1984 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. पेनसिल्व्हेनियातलं एक उपनगरी हॉस्पिटल. तिथे पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या 1972 ते 1981 मधल्या नोंदी त्यानं काढल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून समोरची विटांची भिंत. वय वगैरे सारखं असलेल्या 23 जोड्या त्यानं लावल्या, तेही झाडांना पानं असतात त्याच महिन्यांतल्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक औषधांचे जोरदार डोस कमी लागले. माणसं फक्त 46, म्हणून यावर सगळं जग उभारायला जाऊ नये हे मान्य. पण मला त्यातली गंमत ही वाटते की त्या अभ्यासात कुंडीचा प्रश्नच नव्हता. झाड बाहेर होतं, आत होती ती फक्त खिडकी.

आणि आपल्याकडे खिडकी म्हणजे पद. कुठलाही ऑफिसचा नकाशा काढ. कडेकडेनं केबिनी, त्यात मॅनेजर लोक, जे दिवसातला निम्मा वेळ मीटिंगांत किंवा गाडीत असतात. ऊन येतं म्हणून ब्लाइंड्स बारा महिने पाडलेले. मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात ट्यूबलाइटखाली नऊ-नऊ तास बसणारी पोरं, आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक मरतुकडा पाम. तुला खरंच काही करायचं असेल तर कमिटीच्या पहिल्याच बैठकीत एवढं माग. केबिनी आत घ्या, त्यांना काचेची पार्टिशन्स द्या आणि खिडकीची कड टेबलांना सोडा. एकही रोप न आणता ऑफिस हिरवं होण्याचा हाच सरळ रस्ता. विरोध होईल. भांडू नकोस, फक्त विचार, ‘या खिडकीतून दिवसातून किती तास कोण बघतं?’ आणि गप्प बस.

एका ठिकाणी मी हे करून घेऊ शकले. अकाउंट्सला पूर्वेची खिडकी मिळाली. बाहेर एक जुना करंज होता, इतकी वर्षं तो एका रिकाम्या केबिनला दिसत होता. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या एका बाईंनी मला बोलावून घेतलं, बिल द्यायला असं सांगून. बिल दिलंच, मग हळूच म्हणाल्या, ‘बघा ना, पंधरा दिवसांपूर्वी नुसत्या काड्या होत्या.’ करंजाची नवी पालवी तू कधी जवळून बघितलीयस का? तेल लावल्यासारखी चकाकते, त्यातून ऊन आत आलं की टेबलावरचे कागदसुद्धा हिरवट दिसतात. मार्च एंडिंगच्या धामधुमीत त्यांना तांबट पक्ष्याचा टुक-टुक आवाज ओळखता यायला लागला होता. त्या बाई काही निसर्गप्रेमी वगैरे नव्हत्या हं. त्यांना खुर्ची बरोबर जागी मिळाली होती, इतकंच.

त्यावरून आठवलं, तुमच्या नव्या इमारतीच्या आवारात जुनी झाडं आहेत ना? पार्किंगसाठी एखादं आड येतंय अशी कुजबुज कानावर आली तर लगेच जागी हो. महाराष्ट्रात शहरी भागात झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग ते खासगी आवारात का असेना. कंत्राटदार ‘फक्त छाटतोय’ म्हणत बुंध्यापर्यंत पोचतात. एका पर्जन्यवृक्षाच्या सावलीत जेवणाच्या सुट्टीत चाळीस माणसं डबे उघडतात. तेवढं काम करणारी कुंडी मला अजून कुठल्या नर्सरीत मिळालेली नाही. खाली दोन दगडी बाक टाकून घे, कॅन्टीनच्या लोंबत्या वेलींचे पैसे तिकडे वळव.

आता आतल्या झाडांचं. ती नकोत असं माझं म्हणणं नाही. पण कुणाला कुठलं हे तू ठरवू नकोस. एक्सेटर विद्यापीठात क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी 2010 मध्ये एक मजेशीर प्रयोग मांडला होता. काहींना कामाला ओकीबोकी खोली दिली. काहींना दुसऱ्यानं झाडं आणि चित्रं लावून सजवलेली. काहींना सांगितलं, ही झाडं, ही चित्रं, हवी तशी मांडा. आणि चौथ्या गटाला आधी मनासारखं मांडू दिलं, मग प्रयोग घेणारा आत आला आणि सगळं पुन्हा आपल्या मताप्रमाणे लावून गेला. कामाचा उरक सगळ्यात चांगला कुणाचा? स्वतः मांडणाऱ्यांचा. सजवलेली खोली ओक्याबोक्या खोलीपेक्षा बरी ठरली, पण स्वतः मांडलेलीच्या मागे. आणि ज्यांची मांडणी बदलली त्यांचा सगळा फायदा पार धुऊन गेला. सासूबाई मागून येऊन डबे पुन्हा लावून जातात तेव्हा आपलं जे होतं, तेच की गं!

म्हणून एक कर. सामायिक जागेत मोजकी मोठी झाडं ठेव आणि उरलेले पैसे माणशी वाट. ज्याला हवं त्यानं आपलं रोप निवडावं. कुणाला नको असेल तर नको, त्याच्या टेबलावर गणपती असेल, राहू दे.

निवडताना त्यांना एवढं मात्र समजावून सांग. मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड, फिलोडेंड्रॉन ही ऑफिसात टिकणारी बहुतेक मंडळी एकाच कुळातली. कुठल्या? अळूच्या! आपल्या फदफद्याचं अळू आणि सुरण यांची ही चुलत भावंडं. यातली बरीचशी मूळची उष्ण प्रदेशातल्या दाट रानात, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढणारी. तिथे उजेड गाळून येतो, ऊन थेट पडत नाही, म्हणून तुमच्या मजल्यावर ती जुळवून घेतात. झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे साठवतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे विसरलात तरी बिघडत नाही. अळूचं कूळ म्हटल्यावर खाजही आलीच. डायफेनबाकियाचं पान चावलं तर तोंड आणि घसा सुजतो, कारण तेच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण. तुमच्याकडे पाळणाघर होणार असेल (50 किंवा त्याहून जास्त माणसं असली की कायद्यानं सोय करावीच लागते), तर त्या खोलीत यातलं काहीच ठेवू नकोस. तिथे स्पायडर प्लांट लाव.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट बंद करायचे, टेबलापासून हातभर वर तळहात धरायचा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर तिथे जवळजवळ काहीही जगेल. सावली पुसट असेल तर अळूचं कूळ. सावलीच पडली नाही तर तिथे झाड ठेवू नये, दिवा ठेवावा किंवा छानसं चित्र. काचांना काळी फिल्म लावलेली असेल तर मोठ्या खिडकीपाशीही सावली फिकटच पडते, फसू नकोस. आणि पावसाळ्यात हा प्रयोग पुन्हा कर. पुण्यात जुलै-ऑगस्टचं आभाळ म्हणजे झाडांचा उपासच. त्या महिन्यांत पाणी निम्म्यावर आणायचं.

पाण्याचं काय सांगू! घरची झाडं दुर्लक्षानं जातात, ऑफिसातली लाडानं. येणारा-जाणारा बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओततो, कारण बेसिन लांब. एका ऑफिसात माझा रबर प्लांट का कुजतोय ते महिनाभर कळेना. शेवटी कुंडी उलथी केली तर मातीला वेलचीचा वास. अख्खं सेल्स डिपार्टमेंट गार झालेला चहा त्यात ओतत होतं. मुंग्या आणि चिलटं वेगळीच. तेव्हा प्रत्येक सामायिक कुंडीचा एकच पालक ठरव. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आरओचं वाया जाणारं पाणी घालायचं नाही, त्यात क्षार साठलेले असतात.

आणि कुंडीखालच्या ताटल्या. याबाबतीत मी अगदी खाष्ट आहे. डेंगीचा डास गटारात नाही, अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ताटल्या नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. अंडी कडेला चिकटून राहतात, कोरडी झाली तरी महिनोन् महिने मरत नाहीत. महापालिकेच्या आरोग्य खात्यातले लोक तपासणीला आले की आधी ताटल्याच उचलून बघतात. नोटीस कंपनीच्या नावे येईल, बोलणी तुला बसतील.

हे सगळं कोण करणार? माझा अनुभव सांगू? जवळपास प्रत्येक ऑफिसात एक मावशी असते जिच्या हाताला गुण आहे. सेनापती बापट रोडवरच्या एका जागेत अशा एक मावशी होत्या. आम्ही लावलेला मनी प्लांट मोबाइल टॉवरसारखा नुसता उंच गेलेला, खाली टकला. एक दिवस त्यांनी भाजीची सुरी आणली, पेराच्या जरा खाली तिरका काप घेतला, पेरावर मुळाचा तपकिरी कोंब आहे ना ते नखानं चाचपलं, आणि ते तुकडे रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून उभे केले. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसायला लागली. ती पुन्हा त्याच कुंडीत कडेकडेनं खोवली, म्हणजे टक्कल भरून निघालं. उरलेल्या बाटल्या त्यांनी ज्यांच्याशी पटतं त्यांच्या टेबलांवर ठेवल्या. डिझायनर मी होते, फी मी घेतली होती. तुमच्याकडे अशी मावशी कोण आहे ते शोध. सापडली की या कामाचे वेगळे पैसे तिच्या पगारात घालायला लाव, कागदावर. ‘जाता जाता पाणी घाल गं’ असं सांगून तिच्या डोक्यावर नवं काम टाकलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

मावशी मिळालीच नाही तर नर्सरीवाल्यांची भाड्याची झाडं असतात. ते पंधरवड्यानं येतात, थकलेली कुंडी घेऊन जातात, ताजी ठेवतात. वाईट नाही. फक्त त्या झाडांशी कुणाची ओळख होत नाही, हॉटेलातल्या टॉवेलसारखं.

वास्तूचंही कुणीतरी काढणार. मनी प्लांट आग्नेयेलाच हवा, अमुक झाड ईशान्येला नको. वाद घालू नकोस. सांगितलेल्या कोपऱ्यात उजेड असेल तर ‘हो’ म्हण, नसेल तर ‘तिथे एसीचा झोत येतो’ म्हण. बहुतेक वेळा ते खरंही असतं. आणि मनी प्लांट चोरून आणलेलाच वाढतो असं लोक मानतात, तेव्हा शेंडे गायब होऊ लागले तर सीसीटीव्ही तपासायला जाऊ नकोस. घरी नेण्यासारखं झाड ऑफिसात आहे, ही तुझ्या कामाची पावतीच समज.

तर सोमवारी बारा वाजता रिकाम्या मजल्यावर जा. नकाशाची प्रिंट बरोबर ने, जिथे जिथे टेबल येणार तिथे तळहात धर आणि सावली कशी पडते ते पेन्सिलीनं लिही. तो कागद मला पाठव, साहेबांना आकडा त्यानंतर सांगू. शनिवारी उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांत जाऊ, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. गाडी तू काढ, आणि डिकीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून ठेव.